अंधारे अरण्य आणि सातवे वर्तुळ : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात दान्तेच्या 'इन्फर्नो'चे अध्ययन

प्रस्तावना

इटालियन महाकवी दान्ते अलिगिएरी (१२६५-१३२१) याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्याचा पहिला खंड म्हणजे 'इन्फर्नो' होय. आयुष्याच्या मध्यावर, म्हणजे वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, कवी एका अंधाऱ्या अरण्यात वाट चुकतो. समोरच्या टेकडीवर चढून जाण्याचा मार्ग तीन श्वापदे अडवून धरतात. तेव्हा रोमन कवी व्हर्जिल याची छाया त्याच्या मदतीस येते आणि दुसऱ्या, लांबच्या वाटेने त्याला घेऊन जाते. ही वाट नरकाच्या तळातून जाते. इ.स. १३०० च्या पवित्र सप्ताहात घडली असे कल्पिलेली ही यात्रा दान्तेने फ्लॉरेन्समधून हद्दपार झाल्यानंतर (१३०२) परक्यांच्या आश्रयाने राहत असताना लिहिली. तीन खंड, शंभर सर्ग आणि चौदा हजारांहून अधिक ओळी असा या काव्याचा विस्तार असून त्यातील चौतीस सर्ग 'इन्फर्नो'चे आहेत.

मराठी वाचकाला हा काळ परका वाटण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची. लॅटिन बाजूला ठेवून लोकभाषेत महाकाव्य रचणारा दान्ते आणि संस्कृत बाजूला ठेवून मराठीत गीतार्थ सांगणारे ज्ञानदेव हे एकमेकांचे समकालीन होते. दान्तेच्या काव्याची चौदाव्या शतकातील एक हस्तलिखित प्रत मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आजही जतन केलेली आहे. ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याकडून संस्थेस मिळाली. १९३० च्या सुमारास मुसोलिनीने या प्रतीसाठी दहा लाख पौंड देऊ केले व संस्थेने ते नाकारले, असे सांगितले जाते.

असे असूनही हे काव्य महाविद्यालयात शिकवताना अध्यापकाची दमछाक होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तळटीपांचे ओझे, फ्लॉरेन्सच्या राजकारणातील अपरिचित नावे, ख्रिस्ती धर्मशास्त्राची परिभाषा ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे होत. ती खरीच आहेत. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत आणखी एक अडचण उद्भवते आणि तिची चर्चा क्वचितच होते. या काव्यातील पहिली प्रतिमाच अरण्याची आहे, आणि वर्गात बसलेला विद्यार्थी अरण्यातून आलेला आहे. पुढे सातव्या वर्तुळात आत्महत्या करणारे आणि व्याजावर जगणारे एकमेकांच्या शेजारी भेटतात. आणि विदर्भातील विद्यार्थ्याला या दोन गोष्टींचे शेजारपण पुस्तकातून शिकावे लागत नाही. या दोन ठिकाणी काव्याचे अध्यापन कसे व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अरण्याचा वाच्यार्थ

मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेत पवित्र ग्रंथाचे चार अर्थ मानले जात : वाच्यार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ आणि पारलौकिक अर्थ. दान्तेने आपला आश्रयदाता कान्ग्रांदे देल्ला स्काला याला लिहिलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पत्रात हीच पद्धत 'कॉमेडी'ला लावून दाखविली आहे. हे पत्र दान्तेचेच आहे की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि त्यातील पद्धत त्या काळाची आहे यात शंका नाही. या पद्धतीचा एक नियम मात्र वर्गात हमखास विसरला जातो. तो असा की, बाकीचे सर्व अर्थ वाच्यार्थावर उभे असतात. वाच्यार्थ ओलांडून रूपकार्थाला हात घालता येत नाही.

प्रत्यक्षात घडते ते उलट. पहिल्याच तासाला फळ्यावर 'अरण्य म्हणजे पाप', 'टेकडी म्हणजे पुण्य', 'बिबट्या म्हणजे वासना' अशी समीकरणे लिहिली जातात आणि विद्यार्थी ती उतरवून घेतात. परीक्षेपुरते हे पुरते. पण गडचिरोली जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्रापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. येथील कुटुंबांचे वर्षाचे गणित मोहफुले, तेंदूपाने, बांबू, चारोळी यांच्या हंगामावर चालते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला. अशा परिसरातील विद्यार्थ्याला अरण्य हे पापाचे चिन्ह आहे असे सांगितले, तर तो ते वहीत लिहील आणि मनात मानणार नाही. किंवा मानेल, आणि ते अधिक वाईट. 'जंगली' हा शब्द ज्याने शिवीसारखा ऐकला आहे, त्याला जागतिक वाङ्मयातील एका सर्वश्रेष्ठ ग्रंथाचा आधारही त्या शिवीलाच आहे असे वाटू लागेल.

मूळ संहिता पाहिली असता हे समीकरण दान्तेचे नाही असे दिसून येते. पहिल्या सर्गातील अरण्यात एकाही झाडाचे नाव नाही, एकही पक्षी नाही, ऋतू आहे पण फूल नाही. ते झाडांचे वन नसून वाट हरवण्याचे वन आहे. याशिवाय काव्यात आणखी दोन अरण्ये येतात. तेराव्या सर्गातील आत्मघातक्यांचे अरण्य काळसर पानांचे, गाठाळ फांद्यांचे आणि काट्यांचे आहे. तिसरे 'पर्गेटोरिओ'च्या अठ्ठाविसाव्या सर्गात, शुद्धिपर्वताच्या माथ्यावर आहे. ते दाट, हिरवे व सजीव असून त्यात मंद वारा वाहतो आणि पाखरे गातात. रावेन्नाजवळच्या किआस्सी येथील पाइन वृक्षांच्या वनात वाऱ्याने उठणारा आवाज दान्तेला त्या ठिकाणी आठवतो. मनुष्याचे मूळ निष्पाप निवासस्थानही अरण्यच आहे, असे या कवीचे म्हणणे आहे. वाट चुकलेला माणूस एका अरण्यातून निघतो आणि दुसऱ्या अरण्यात शुद्ध होऊन पोहोचतो. पहिला सर्ग शिकवताना तिसऱ्या अरण्याचा हा उल्लेख केला नाही, तर विद्यार्थ्यापुढे अर्धेच काव्य ठेवले जाते. अभ्यासक्रमात केवळ 'इन्फर्नो' नेमलेला असला तरी हे पाच मिनिटांचे काम आहे.

श्वापदांच्या बाबतीत तर येथील विद्यार्थी कोणत्याही युरोपीय टीकाकारापेक्षा अधिक तयारीचा वाचक आहे. एक चपळ, ठिपकेदार मार्जारवर्गीय प्राणी, एक सिंह आणि एक लांडगी अशी ही तीन जनावरे बायबलमधील यिर्मयाच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातून आलेली आहेत. भाष्यकारांनी त्यांचे अर्थ वासना, अहंकार आणि लोभ असे लावले आहेत. इतर अर्थही सुचविलेले आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत मोह वेचायला किंवा सरपणाला गेलेले माणूस परत न येण्याच्या घटना घडतात. (ज्या अंधारी नदीचे नाव या प्रकल्पाला मिळाले आहे, ते दान्तेच्या अंधाऱ्या अरण्याशी जुळावे हा निव्वळ योगायोग, पण वर्गात तो लक्षात राहतो.) वाट अडवून उभ्या असलेल्या जनावरापुढे माणूस पाठ न फिरवता मागे कसा सरकतो, हे या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच्याकडून एक रास्त प्रश्न येऊ शकतो, आणि तो यावा असाच तास घ्यावा : सिंहापेक्षा कवी लांडगीला अधिक का घाबरतो? उत्तर संहितेतच आहे. ती हाडकुळी आहे, आणि खाल्ल्यानंतर तिची भूक आधीपेक्षा वाढते. जनावराचा हा वाच्यार्थ पक्का झाला की 'लोभ' हा रूपकार्थ वेगळा सांगावा लागत नाही.

रूपक ही कल्पना परकी नाही, हे दाखविण्यासाठी एकनाथांची भारुडे पुरेशी आहेत. विंचू चावल्याचे भारुड ऐकणारा श्रोता प्रथम विंचवाच्या वेदनेवर हसतो आणि नंतर तो विंचू कोणता हे त्याच्या ध्यानात येते. झाडीपट्टीच्या दंडारीत आणि नाटकांत वाढलेल्या प्रेक्षकाला ही दुहेरी वाट सवयीची आहे.

नरक, पाताळ की यमकुंड

'इन्फर्नो' या शब्दाला मराठीत 'नरक' म्हणावे, हे इतके सहज वाटते की त्यातील अडचण लक्षात येत नाही. लॅटिनमधील मूळ अर्थ 'खालचा प्रदेश' असा आहे. त्या अर्थाने 'पाताळ' जवळचे. परंतु पुराणांतील पाताळ हे नागांचे समृद्ध निवासस्थान असून शिक्षेची जागा नव्हे. 'नरक' ही शिक्षेची जागा आहे, पण कायमची नव्हे. कर्मफळ भोगून झाले की जीव तेथून पुन्हा जन्माला येतो. दान्तेच्या नरकाच्या दारावरील लेखाचा आशय असा की, आत येणाऱ्याने परत फिरण्याची आशा बाहेरच ठेवावी. हा फरक लहान नाही. सर्व काव्याचा ताण त्यावर तोललेला आहे.

या भाषांतराच्या प्रश्नाशी मराठीची जुनी ओळख आहे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ती स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या कोंकणीत नरकाला आजही 'येमकोंड' म्हणतात, म्हणजे धर्म बदलला तरी खालच्या लोकाचा धनी यमच राहिला. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचा मालकही येतो. म्हणून वर्गात 'नरक' हा शब्द वापरण्यास हरकत नाही, मात्र तो वापरताना यम, चित्रगुप्त आणि पुनर्जन्म या तिन्ही गोष्टी बाजूला काढून ठेवल्या आहेत हे सांगणे आवश्यक आहे.

तुलनेचा मोह येथे विशेष आवरावा लागतो. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे जी प्राचीन मंदिरे आहेत, त्यांच्याशी जोडलेल्या कथेत यमाचा पाश शिवाच्या कृपेने सुटतो. गोंडी परंपरेत पहांदी पारी कुपार लिंगो गुहेत कोंडलेल्यांना मुक्त करतो; गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेला भरणारी यात्रा त्याच स्मृतीची आहे. दोन्ही कथा सुटकेच्या आहेत. 'इन्फर्नो'च्या चौथ्या सर्गात ख्रिस्ताने नरकाच्या पहिल्या वर्तुळातून काही पुण्यात्म्यांना नेल्याचा उल्लेख येतो; परंतु ती एकदाच घडलेली गोष्ट आहे, आणि ती सांगणारा व्हर्जिल स्वतः तेथेच राहिलेला आहे. साम्य दाखवून थांबल्यास विद्यार्थ्याला सगळीकडे एकच गोष्ट सांगितली आहे असे वाटते. भेद दाखविला तर व्हर्जिलचे दुःख त्याला कळते.

पापांची उतरंड

नऊ वर्तुळांची रचना अकराव्या सर्गात व्हर्जिल स्वतः समजावून सांगतो. हा सर्ग रुक्ष म्हणून बहुधा गाळला जातो. वास्तविक तो नकाशा आहे आणि नकाशा आधी पाहावा. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा आधार घेऊन दान्तेने पापांचे तीन मोठे गट केले : संयमाचा अभाव, हिंसा आणि कपट. जितके खाली जावे तितके पाप भारी. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे सांगितली आहेत. दान्तेच्या उतरंडीत मात्र ही तिन्ही वरच्या भागातच आढळतात : कामातुर दुसऱ्या वर्तुळात, लोभी चौथ्यात, क्रोधी पाचव्यात. त्याहून खाली तो बुद्धीचा दुरुपयोग ठेवतो. विश्वास टाकणाऱ्याचा घात हे त्याच्या लेखी शेवटचे पाप. म्हणूनच नरकाचा तळ आगीचा नसून बर्फाचा आहे. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या आसपास जातो, तेथे नरक थंड असल्याचे ऐकून वर्गात हशा पिकतो. पिकू द्यावा. विश्वासघात हा तापट माणसाचा अपराध नव्हे, थंड डोक्याच्या माणसाचा आहे, ही गोष्ट त्या हशानंतर चटकन पटते.

शिक्षा आणि पाप यांच्या संबंधासाठी दान्तेने अठ्ठाविसाव्या सर्गात 'कोन्त्रापासो' हा शब्द एकदाच योजला आहे. गरुडपुराणातही पापागणिक शिक्षा आहेत. पण तेथे यमदूत शिक्षा देतात. दान्तेकडे शिक्षा म्हणजे पापीच्या निवडीचे दृश्य रूप होय. ज्यांनी वासनेच्या वाऱ्यावर स्वतःला सोडून दिले, ते अखंड वावटळीत भिरभिरत राहतात.

सातवे वर्तुळ

हिंसेचे सातवे वर्तुळ तीन कड्यांत विभागलेले आहे. बाहेरच्या कड्यात इतरांवर हिंसा करणारे उकळत्या रक्ताच्या नदीत उभे आहेत. मधल्या कड्यात स्वतःवर हिंसा करणारे आहेत. आतल्या कड्यात, तापलेल्या वाळूवर आणि अग्निवर्षावाखाली, ईश्वर, निसर्ग आणि मानवी श्रम यांच्याविरुद्ध हिंसा करणारे आहेत. व्याजखोर त्यांतच मोडतात. काव्याचा हाच भाग येथे अधिक सावकाश शिकवण्याजोगा आहे.

तेराव्या सर्गात कवी त्या काटेरी अरण्यात शिरतो. सगळीकडून विव्हळणे ऐकू येते पण माणूस दिसत नाही. व्हर्जिलच्या सांगण्यावरून तो एक डहाळी मोडतो आणि झाडातून रक्त व शब्द एकदमच बाहेर येतात. आत्मघात करणाऱ्याचा जीव या वनात कोठेही, योगायोगाने पडतो, दाण्यासारखा रुजतो आणि झुडूप होतो. हार्पी नावाच्या पक्षिणी त्याची पाने खातात. त्या खाण्याने वेदना होते आणि वेदनेला वाटही त्यानेच मिळते. जखम झाल्याशिवाय या झाडांना बोलता येत नाही. ज्या प्रदेशात ऐनाच्या झाडाशी बडादेवाचे नाते मानले जाते, तेथे बोलणारे झाड हे नवल नाही. केवळ इजा झाल्यावर बोलणारे झाड हे मात्र नवे आहे.

बोलणारा आहे पिएर देल्ला विन्या, सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा विश्वासू मंत्री. राजद्रोहाच्या आरोपावरून त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकण्यात आले आणि १२४९ साली त्याने जीव दिला. दान्तेने त्याला नरकात ठेवले, परंतु त्याच्याच तोंडून तो निर्दोष असल्याची शपथही वदविली. दरबारी मत्सराने त्याचा बळी घेतला, असे काव्य सांगते. चर्चचा निकाल आणि इतिहासाचा निकाल असे येथे एकमेकांपासून वेगळे होतात. कवी पहिला मान्य करतो, दुसरा दुरुस्त करतो. ते ऐकून यात्रिकाला पुढचा प्रश्नही विचारता येत नाही. करुणेने गळा दाटल्यामुळे तूच विचार, असे तो व्हर्जिलला सांगतो.

सर्गाच्या शेवटी आणखी एक झुडूप बोलते. त्याला नाव नाही. आपण फ्लॉरेन्सचे आहोत आणि आपल्याच घराला आपण फाशीचा खांब केला, एवढेच तो सांगतो. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी तेथे संपत्ती गमावलेल्या एका सावकारी घराण्यातील पुरुषाचे नाव सुचविले. बोकाच्चोने मात्र म्हटले आहे की त्या काळी शहरात असे अनेकजण झाले, त्यामुळे ज्याला जो आठवेल तो त्याने समजावा.

यानंतर सतरावा सर्ग. जळत्या वाळूच्या कडेला व्याजखोर बसले आहेत. कवी एकाचाही चेहरा ओळखत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात एक थैली आहे, तिच्यावर घराण्याचे चिन्ह आहे आणि प्रत्येकाची नजर त्या थैलीवर खिळलेली आहे. माणूस पुसला गेला आणि थैली उरली. कोणाचे चिन्ह पिवळ्यावर निळा सिंह, कोणाचे तांबड्यावर पांढरे हंसासारखे बदक, कोणाचे पांढऱ्यावर निळी डुकरीण. हे शेवटचे चिन्ह पादुआच्या स्क्रोवेन्यी घराण्याचे. त्याच घराण्यातील मुलाने बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या भिंती जोत्तोने १३०५ च्या सुमारास रंगविल्या आणि आज त्या पाहण्यास जगभरातून लोक जातात.

व्याज हे हिंसेत का मोडते, याचे उत्तर अकराव्या सर्गात आहे. निसर्ग ईश्वराचे अनुकरण करतो, मनुष्याचे श्रम व कौशल्य निसर्गाचे अनुकरण करतात. म्हणून श्रम हे जणू ईश्वराचे नातवंड. व्याजखोर श्रम टाळून पैशातून पैसा वाढवतो आणि या नात्याचा अपमान करतो. चर्चच्या ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले होते. आत्महत्या करणाऱ्यांनाही ते नाकारले जाई. पवित्र भूमीबाहेर पुरल्या जाणाऱ्या या दोघांना दान्तेने खालीही एकाच वर्तुळात आणले.

वरोरा, राजुरा, कोरपना या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यांतील विद्यार्थ्याला हे शेजारपण कसे वाचता येईल? २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्यात चंद्रपूरचा समावेश नव्हता. वर्धा नदीपलीकडच्या यवतमाळचा होता. नदीने दुःख अडत नाही. राज्यात १९४६ चा सावकारी कायदा रद्द होऊन महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला, त्यामागेही हीच पार्श्वभूमी होती. या विद्यार्थ्याच्या मनात तेरावा आणि सतरावा सर्ग एका धाग्याने जोडले जाणे स्वाभाविक आहे : एकाच्या थैलीमुळे दुसऱ्याचे झाड झाले.

हा धागा वर्गात आला तर तो तोडू नये. परंतु तो दान्तेचा आहे असेही सांगू नये. दान्तेच्या सतराव्या सर्गात ऋणको कोठेच नाही. व्याजखोराचा अपराध त्याच्या लेखी ईश्वरी व्यवस्थेविरुद्ध आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घराविरुद्ध नाही. पिएर देल्ला विन्या कर्जाने मेला नाही. अनामिक फ्लॉरेन्सवासीयाचे कारण काव्य सांगत नाही. ऋणकोची ही रिकामी जागा दाखवून देता येणे, म्हणजे तेराव्या शतकातील कवीला काय दिसले आणि काय दिसले नाही हे सांगता येणे होय. एका चांगल्या प्रश्नपत्रिकेचा प्रश्न येथे तयार होतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही.

अध्यापकाच्या एका जबाबदारीचा उल्लेख येथे टाळता येत नाही. तेरावा सर्ग शिकवला जात असताना वर्गात असा विद्यार्थी असू शकतो, ज्याच्या घरात हे घडलेले आहे. 'आत्महत्या करणारे नरकात जातात' हे वाक्य त्याच्या कानावर कवितेचा आशय म्हणून पडणार नाही, निकाल म्हणून पडेल. म्हणून चर्चची तत्कालीन भूमिका सांगताना ती तत्कालीन आहे हे आधी सांगावे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखे सर्वसाधारण कलमही राहिलेले नाही. शिक्षेकडून शुश्रूषेकडे झालेले हे स्थित्यंतर याच सर्गाच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे, कारण त्याची सुरुवात यात्रिकाच्या दाटलेल्या गळ्यात दिसते.

करुणेचा प्रश्न

काव्यात ही करुणा निर्वेध राहत नाही. पाचव्या सर्गात फ्रान्चेस्काची कथा ऐकून यात्रिक मूर्च्छित पडतो. विसाव्या सर्गात भविष्य सांगणाऱ्यांची उलट्या मानेची दुर्दशा पाहून तो रडतो, तेव्हा व्हर्जिल त्याला खडसावतो. ईश्वराच्या न्यायावर रडणे हाही अधर्म आहे, असे त्याचे म्हणणे. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरक दाखविला जातो. आपल्या भावंडांचे आणि द्रौपदीचे आवाज ऐकून तो परत फिरण्यास नकार देतो, आणि त्या नकारानंतर तो नरक मावळतो. दोन ग्रंथ दोन टोकांना उभे आहेत. युधिष्ठिराची करुणा ही त्याची परीक्षा आहे आणि तो तीत उत्तीर्ण होतो. दान्तेच्या यात्रिकाला मात्र करुणा मागे टाकून उतरावे लागते. तो ती पूर्णपणे टाकतो का, यावर सातशे वर्षे वाद चालू आहे. व्हर्जिलची बाजू बिनचूक मानून शिकविणे सोपे आहे, पण काव्याच्या पुराव्याशी ते जुळत नाही.

अध्यापनाची भाषा

दान्तेचे पहिले सार्वजनिक अध्यापन फ्लॉरेन्समध्ये बोकाच्चोने ऑक्टोबर १३७३ पासून एका चर्चमध्ये केले. व्याख्याने लोकभाषेत होती आणि श्रोत्यांत सामान्य नागरिक होते. विद्वानांनी त्याला दोष दिला. काव्यदेवतांना गर्दीपुढे उघडे पाडल्याबद्दल त्याने स्वतःही पुढे सुनीतांतून खंत व्यक्त केली. आजारपणामुळे ही मालिका थांबली, ती सतराव्या सर्गापाशी. ज्या महाविद्यालयात एका सत्रात या काव्यासाठी जेमतेम आठ-दहा तासिका मिळतात, तेथील अध्यापकाने बोकाच्चोपेक्षा पुढे जाण्याचा अट्टहास धरू नये. पहिला, पाचवा, अकरावा, तेरावा व सतरावा हे सर्ग नीट वाचून घेतले आणि शेवटच्या सर्गातील बर्फ दाखविला, तरी काव्याची बांधणी हाती येते.

इंग्रजी भाषांतरावरून शिकविताना चर्चा कोणत्या भाषेत व्हावी, याचा निर्णय अध्यापकाला दररोज घ्यावा लागतो. दान्तेने लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला आणि त्यात इटलीतील चौदा बोलींची पाहणी केली. झाडीबोली, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या विद्यार्थ्याने तेराव्या सर्गाची गोष्ट एकदा आपल्या बोलीत सांगून पाहिली, तर भाषांतराचे प्रश्न तत्काळ उघड होतात. 'आत्मा' या शब्दाला घरात कोणता शब्द आहे? मेलेला माणूस झाड झाला हे सांगताना क्रियापद कोणते येते? हा उपक्रम परीक्षेच्या गुणांत बसत नाही; अंतर्गत मूल्यमापनात तो बसविता येतो.

अशा कथनासाठी चौदाव्या सर्गाचा आरंभ जोडून घ्यावा. शिकारी कुत्र्यांच्या धावपळीत त्या अनामिक फ्लॉरेन्सवासीयाच्या झुडपाची पाने तुटून विखुरलेली असतात, आणि ती आपल्या बुडाशी गोळा करून ठेवावीत एवढीच विनंती त्याने केलेली असते. यात्रिक त्याला उपदेश करीत नाही, त्याच्या पापाचे नावही घेत नाही. दोघांचे गाव एकच, या मायेपोटी तो खाली वाकतो, पाने वेचतो आणि ती त्या झाडाला परत देऊन पुढच्या कड्याकडे निघतो. व्हर्जिल या वेळी त्याला खडसावत नाही.